एका तारंवरचा पीस

मला गिटार येत न्हाई. हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे दुसऱ्या कुणाला सांगायचा त्रास नको. तरी मी वाजवतो. आमच्या घरमालकीणबाई खालच्या मजल्यावर राहतात, त्यांनी म्हणे देवाला नवस बोललाय. कशासाठी ते मी विचारलं न्हाई.

तसा मी बेंजोवाला. बेंजो म्हणजे लाकडाची चपटी पेटी, वर टाईपरायटरसारखी बटणं. उजव्या हातानं तारा छेडायच्या, डाव्या हातानं बटणं दाबायची. शाळेत माझी बोटं फक्त पट्टी खायला पुढं यायची, पण बेंजोवर अशी पळायची की बघणाऱ्याला वाटावं ह्याच्या अंगात काहीतरी शिरलंय. शाळा सातवीत सुटली. शाळेलाच जास्त बरं वाटलं. पुढं चाकणला फॅब्रिकेशनच्या शॉपमध्ये ग्राइंडरवर लागलो आणि लग्नसराईत सुट्टी टाकून बेंजो पार्टीच्या टेम्पोवर चढायला लागलो. शॉपमध्ये मला कुणी ओळखत न्हाई, सेफ्टी चष्म्याआड सगळे सारखेच दिसतात. पण टेम्पोवर चढलो की खालची माणसं मान वर करून बघतात. दुसरीकडं कुठं माझ्याकडं कुणी मान वर करून बघितलेलं न्हाई. उंचीपण तशीच हाय माझी.

पार्टीचा मालक माझा जुना दोस्त. थेरगावात आमी एकत्र वाढलो, तो ताशा बडवायचा आणि मी बेंजो. मग त्यानं टेम्पो घेतला, वर स्पीकर रचले आणि तो मालक झाला. मी होतो तोच राहिलो. दिवाळी जवळ आली तसं त्यानं मला डांगे चौकात चहाला बोलावलं. तो स्वतःहून चहा पाजतो म्हणजे काहीतरी वंगाळ असणार हे मला कळायला पाहिजे होतं, पण मी बिस्किटंपण मागवली. तो म्हणला, आता बेंजोचा आवाज कीबोर्डमधनंच निघतो. लोकांना गिटार पाहिजे. मोबाईलवर शूटिंग काढतात, त्यात गिटारवाला दिसला की पार्टी मोठी वाटते. कॉलेजचा एकजण बघून ठेवलाय. तू असं कर, खाली जनरेटरपाशी बस आणि वायरी सांभाळ.

मला वाईट वाटायला पाहिजे होतं, पण राग आला. रागात माझ्या तोंडातनं काहीतरी निघतं आणि मग मी ते निस्तरत बसतो. लग्नसुद्धा माझं असंच जमलं.

"गिटार मी वाजवतो," मी म्हणलो.

"तुला येते?"

"येईल."

"कधी राव?"

"तुळशीचं लग्न तर लागू दे."

तो इतका हसला की टपरीवाल्यानं पाणी आणून दिलं. पण दोस्त हाय, त्यानं अट घातली. पार्टीनं एक नवा पीस बसवला होता. सगळं वाजत असताना एकदम कट, ढोल बंद, ताशा बंद. नाचणारे हात वर करून थांबतात. मग एकटी गिटार वरनं खाली सुसाट धावत येते आणि जिथं शेवटचा सूर लागतो तिथं सगळं एकदम सुरू. कॉलेजवाल्यानं वाजवलेला पीस त्यानं मला मोबाईलवर पाठवला आणि सांगितलं की हा असाच्या असा, अशाच बोटांनी वाजव. एका मिरवणुकीत वाजवून दाखव, टेम्पोवरची जागा तुझी. न्हाई जमलं तर जनरेटर.

गिटार मिळाली वाकडला. एक आयटीवाला फ्लॅट सोडून चालला होता, आमच्या शॉपमधल्या वेल्डरचा भाऊ तिथं वॉचमन, त्यानं मध्ये पडून मिळवून दिली. लाल रंगाची, स्पीकरला जोडायची. घरी आणली तेव्हा बायकोला वाटलं पोरांसाठी काहीतरी आणलंय. माझ्यासाठी हाय कळल्यावर ती परत कणीक मळायला लागली.

क्लासपण वाकडलाच, एका मॉलच्या वरच्या मजल्यावर. सर माझ्या भाच्याच्या वयाचा. तो मला काका म्हणायचा, मी त्याला सर. बाकीचे सगळे आयटीवाले, टेन्शन कमी करायला गिटार शिकणारे. मी आल्यापासून त्यांचं टेन्शन बरंच कमी झालं. सरानं पीस ऐकला आणि म्हणला, ह्याला लिक म्हणतात, ही अवघड आहे, वर्षभरानं हात घालू. मी म्हणलो, मला तुळशीच्या लग्नाला वाजवायचीय. त्याला वाटलं घरच्या अंगणातलं तुळशीचं लग्न. म्हणला, मग काय, हळू वाजवली तरी चालेल.

त्याची पद्धत अशी की चार बोटांना गिटारीच्या दांडीवर, पट्ट्यांमधली चार घरं नेमून द्यायची. हात जागचा हलवायचा न्हाई. एका तारंवरचं झालं की पुढच्या तारंवर उतरायचं. ऐकायला सोपं वाटतं. माझी तीन बोटं कशीबशी कामावर आली, करंगळी आली न्हाई. ग्राइंडर धरून धरून तिला नुसतं वाकून बसायची सवय. उठवली की शेजारच्या बोटाला घेऊन उठायची, दोन म्हाताऱ्या एकमेकीला धरून उठतात तशी.

आणि खरा घोटाळा वेगळाच. बेंजोवर सूर एका ओळीत बसलेले असतात. खालचा सूर पाहिजे तर इकडं जायचं, वरचा पाहिजे तर तिकडं. माझ्या डोक्यातपण ते तसेच बसलेत, रेशनच्या लायनीसारखे. त्यामुळं सरानं पाठ फिरवली की माझा हात एकच तार पकडायचा आणि दांडीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत सुटायचा. सर म्हणायचा, "काका, सहा तारा आहेत." मी म्हणायचो, असू द्या, बाकीच्या पाच शोभेला. तो बिचारा माझा पंजा धरून परत जागेवर बसवायचा, शाळेतल्या पोराला बाकावर बसवतात तसा. 

सराव कुठं करायचा हा प्रश्न होता. स्पीकर न लावता ही गिटार डासासारखी वाजते. बायको डास मारायची बॅट घेऊन माझ्या मागनं दोनदा फिरली, एकदा चुकून आणि एकदा मला वाटतं मुद्दाम. स्पीकर लावला तर अख्खी चाळ गॅलरीत. म्हणून मी चाकणच्या बसमध्ये सराव धरला. शेजारी आमचा लातूरचा हेल्पर बसायचा. बस सुटली की झोपायचा, आणि त्याचं मनगट बरोबर दांडीएवढं जाड. मी हळूच त्यावर बोटं चालवायला लागलो. 

एकदा त्यानं डोळे उघडले. "काय करायलास माझ्या हातावर?"

"प्रॅक्टिस."

"मग तिकडल्या हातावर कर. ह्याच्यावर डोकं ठेवायलोय मी."

पुढं पुढं तो झोपेतच सांगायला लागला, "हितं चुकलास." आणि खरंच तिथंच चुकलेलो असायचो. करंगळीवर.

शॉपमधला सुपरवायझर म्हणला, ह्या वयात माणसानं भजन शिकावं. मी म्हणलो, भजनवाल्यांनी माझं काय घोडं मारलंय? सगळ्यांचं म्हणणं एकच, कशाला. बायकोनं तर एका दुपारी पदराला हात पुसत सरळ समोर बसून घेतलं.

"तुमाला येणार न्हाई हे मला माहितीये. तुमालापण माहितीये. मग कशाला?"

मी म्हणलो, "म्हणूनच."

तिनं कोपऱ्यातली उशी ओढली. "मग पाठीला उशी घेऊन बसा. कंबर धरंल."

मिरवणुकीच्या आधी मालक बघायला आला. टेम्पो उभा असतो त्या मैदानावर मी त्याला वाजवून दाखवलं. सराच्या पद्धतीनं वाजवलं तर निम्म्यात अडकलो. मग माझ्या पद्धतीनं, एका तारंवर, तर जवळपास सगळा पीस निघाला. हात दांडीवरनं वर खाली असा पळाला की कोपर स्पीकरला लागलं. मी अपेक्षेनं वर बघितलं.

तो म्हणला, "ऐकायला बरंय. पण दिसतं असं की तू पाइपला पॉलिश मारतोयस." शूटिंग काढणारे हसतील, ते चालणार न्हाई, चार बोटांनीच वाजव, असं त्यानं माझ्याकडनं कबूल करून घेतलं. कीबोर्डवाल्याला पण सांगून ठेवलं की हा अडकला तर तू लगेच पीस उचल. 

मिरवणूक नेमकी आमच्या काळेवाडीतच, माझ्या गल्लीच्या तोंडाला. लग्नाआधी नवरदेव घोड्यावर बसून मारुतीला जातो, तो परण्या. दिवस कलत आलेला, उन्हं तोंडावर. पार्टीचा चमकीचा कोट मला पोटावर बसेना, बटण लागेना, म्हणून गिटार आडवी धरली. तेवढ्यापुरता तिचा उपयोग झाला. खाली सगळे ओळखीचे. किराणावाला, घरमालकीणबाई, आणि बायकांच्या घोळक्यात माझी बायको, माझ्यापेक्षा नवरदेवाची ओळख जास्त असल्यासारखी घोड्याकडं बघत.

कट आला. ढोल थांबला. सगळ्यांचे हात वर गेले.

मी वाजवायला लागलो आणि करंगळीपाशी पीस मेला. चप्पल चिखलात रुतावी तसा. कीबोर्डवाल्यानं हात पुढं केला. मी त्याचा हात धरला.

"थांब," मी म्हणलो.

तो दचकला, मीपण दचकलो. परत पहिल्यापासून सुरू केलं आणि परत तिथंच अडकलो. आता गल्ली अशी चिडीचूप की घोड्याच्या गळ्यातली घुंगरं ऐकू यायला लागली. माणसं हात वर करून उभी, पोलिसांनी पकडल्यासारखी. मागनं मालक दातओठ खात म्हणला, "उतर खाली."

"न्हाई उतरत."

"माझी इज्जत घालवतोस का?"

"माझी आधी जाऊ दे. तुझा नंबर मग."

नवरदेवाचा मामा पुढं नाचत होता, घामानं भिजलेला. तो वर बघून अगदी समजुतीनं म्हणला, "भाऊ, हात दुखायला लागले आमचे. काय ते ठरवा."

मी ठरवलं. सराची चार घरं सोडली, मालकाला दिलेला शब्द सोडला, एक तार धरली आणि हात सोडून दिला. पॉलिश तर पॉलिश. वरनं खाली असा आलो की माझं मलाच कळेना कुठं चाललोय. सगळे सूर लागले. खरंच लागले. आणि शेवटच्या सुराला ड्रायव्हरला वाटलं झालं एकदाचं, त्यानं गाडी काढली, पुढं गतिरोधक. टेम्पो उसळला, हात एक घर पुढं गेला आणि शेवटचा सूर चुकला. तोच, ज्याच्यावर सगळे यायचे होते. पण ढोलवाला कंटाळलेला. त्यानं सूर बिर बघितलाच न्हाई, दणकन थाप मारली. ताशा आला, कीबोर्ड आला आणि मामा अशी उडी मारून नाचला की त्याचा फेटा सुटला. मी मान वर करून उभा राहिलो. खालनं कोण बघतंय ते बघायची हिंमत मात्र झाली न्हाई.

नवरदेव मारुतीच्या पाया पडायला आत गेला तसा मालक मला बाजूला घेऊन गेला. 

"शेवटचा चुकला."

"चुकला."

"पॉलिश मारलंस."

"मारलं."

"पुढच्या वेळी बरोबर येईल?"

दोस्ताशी खोटं कशाला बोलायचं? मी म्हणलो, "सांगता येत न्हाई." 

मग त्यानं सांगितलं की इथनं पुढं सीझनभर कॉलेजवाला येणार, ठरलं. त्याच्या जागी मी असतो तर मीपण तेच केलं असतं, आणि आधीच केलं असतं. म्हणला, वाईट वाटून घेऊ नको, जनरेटरची जागा तुझीच. मी म्हणलो, जनरेटरला हात लावणार न्हाई. तेवढ्यात नवरदेव देवळातनं बाहेर आला, घोडा पुढं घेतला आणि लोक टेम्पोकडं बघायला लागले. कॉलेजवाला तिथं नव्हता. मी वर चढलो. मालक तोंडातल्या तोंडात मला जे म्हणला ते लिहिण्यासारखं न्हाई. परत येताना शेवटचा सूर अगदी बरोबर लागला, त्याच्या आधीचे बरेच चुकले.

घरी बायको म्हणली, "तिसऱ्यांदा बरं होतं." मग भाकरी वाढली. आमच्या घरात ह्याच्यापुढं कौतुक जात न्हाई.

कॉलेजवाला आला. चांगला वाजवतो, चार बोटांनी, केस उडवत. लोक त्याचं शूटिंग काढतात. मला मालक बोलवत न्हाई. मी वाटपण बघत न्हाई. टेम्पो निघायच्या वेळेला गिटार गळ्यात अडकवून जाऊन उभा राहतो. मालक शिव्या देतो, मी वर चढतो. मी त्याला सांगितलंय, पाहिजे तर ढकलून दे. अजून तरी ढकललं न्हाई. एक कट कॉलेजवाला घेतो, पुढचा मी घेतो. करंगळी अजून कामावर आलेली न्हाई, एकाच तारंवर चाललंय. चुकलं की मी परत पहिल्यापासून वाजवतो. ज्यांचे हात दुखतात त्यांनी खाली घ्यावेत.