अकराची गोळी

माझ्या सासऱ्यांना अख्खं वडवणी मास्तर म्हणायचं. शाळेतले नव्हे, शिवणकामाचे. पार्किन्सन झाल्यावर त्यांच्या दिवसाला लोडशेडिंग लागलं. हा शब्द त्यांचाच. गोळी लागू पडली की हाक यायची, "सूनबाई, लाईट आली. कापड आण." मग तास-दोन तास कात्री सरळ चालायची. लाईट गेली की मशीनपुढे नुसते बसून राहायचे, ओठसुद्धा हलत नसत.

सात, अकरा, तीन, सात. कापडावर खुणा करायच्या खडूनेच त्यांनी गोळीच्या या वेळा भिंतीवर लिहिल्या होत्या. दहा मिनिटं उशीर झाला तरी चिडायचे. "शिवण चुकली तर उसवता येती. गोळी चुकली की दिवस गेला." मला ती म्हाताऱ्याची किरकिर वाटायची.

माझी वर्षा अंबाजोगाईला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती, तेव्हा तिला बघायला पाहुणे यायचं ठरलं, सकाळी साडेअकराला. मास्तर आठ दिवस एकच घोकत होते, "पोरीचं शिक्षण पुरं करू देनार का, एवढं मी इचारनार. तुमच्यानं व्हायचं न्हाई." खरंच होतं. आमच्यात असं विचारायला घरातला वडीलधाराच लागतो.

पण गोळी चढली की हात-जीभ सुटायची, तसं त्यांचं अंगही आपोआप डुलायचं, मान वळवळायची. गल्लीतले लोक म्हणायचेच, मास्तर सकाळीच पिऊन बसतो. माझे मालक म्हणाले, "पाव्हणे जाऊ दे, मग दे. गप बसल्यालं बरं." अकराला मास्तरांनी हात पुढे केला. "आणते मामा," म्हणत मी गोळी पदराच्या गाठीत बांधली आणि चहाकडे वळले. हे मी केलं, दुसऱ्या कोणी नाही.

पाहुणे दोन तास बसले. मास्तर भिंतीला टेकून माझ्या पदराच्या गाठीकडे एकटक बघत होते. मुलाचा बाप कौतुकानं म्हणाला, "आजोबा लई शांत हायती." शिक्षणाचं कोणी काढलंच नाही. सुपारी फुटली. सुपारी फुटल्यावर अटी घालायच्या नाहीत, ही रीत.

वर्षाचं नर्सिंग तिथंच थांबलं. मास्तरांनी भिंतीवरच्या वेळा पुसल्या. पुढे दीड वर्ष, अगदी जाईपर्यंत, मी गोळी पुढे केली की ते आधी दाराकडे बघायचे आणि बारीक आवाजात विचारायचे,

"पाव्हणे गेले का, सूनबाई?"