ऐकलंताई

आमच्या ग्रुपवर सकाळी सात वाजता बावन्न मिनिटांचा ख्याल पाठवला, तर सात त्रेपन्नला ऐकलंताईंचं उत्तर यायचं, 'ऐकलं.' गाणं सहा मिनिटांचं असेल तर सात वाजून सात मिनिटांनी. बाकी आम्ही चाळीस जण गाणं उघडायच्या आधीच 'वा', 'क्या बात है', जोडलेले हात आणि फुलांचे गुच्छ लावून मोकळे होत असू. माझ्या बायकोने तर मला दात घासता घासता 'अप्रतिम' लिहिताना पकडलं आहे. ताईंनी कधी फूल पाठवलं नाही. गाणं संपलं की एक मिनिट जायचं आणि मग तो एक शब्द यायचा. त्यावरूनच त्यांचं नाव पडलं. खरं नाव सुनंदा आहे, हे ग्रुपमधल्या बऱ्याच जणांना अजून ठाऊक नसावं.

ग्रुपचं नाव 'कानसेन मंडळी'. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत विखुरलेले, कार्यक्रमांना एकमेकांना दिसून दिसून ओळख झालेले आम्ही गाण्याचे शौकीन. सात वार सात जणांत वाटलेले होते आणि ज्याचा वार असेल त्याने सकाळी सातला एक गाणं पाठवायचं. माझा गुरुवार, ताईंचा सोमवार, आणि रविवार बुवांचा. बुवा अंधेरीला हार्मोनियमचे वर्ग चालवतात, त्यामुळे गाण्यातलं शास्त्र सांगायचा मान त्यांचा. हा मान त्यांना कुणी दिला हे आठवत नाही, बहुधा त्यांनीच घेतला असावा.

ताईंना ग्रुपवर आणलं मी. मुलुंडला एका शाळेच्या हॉलमध्ये मैफल होती आणि त्या माझ्या शेजारच्या खुर्चीत होत्या. मी माझ्या पलीकडच्या मित्राला कुजबुजून राग ओळखून दाखवत होतो. त्यांनी माझ्याकडे न बघताच सांगितलं, "राग कुठे पळून जात नाय. आधी ऐकून घे." पहिल्याच भेटीत 'घे'. मध्यंतरात मी मुकाट्याने त्यांच्यासाठी चहा आणला, आणि कार्यक्रम संपल्यावर फोन नंबर मागितला.

त्या मालवणकडच्या. वडील गिरणीत होते. ताई स्वतः फोर्टातल्या एका कंपनीत तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होत्या. नवरा गेल्यापासून मुलुंड पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या, मुलगा बंगळूरला. रागदारी शिकलेल्या नव्हत्या आणि त्याबद्दल त्यांना जराही संकोच नव्हता. "माका त्यातला काय कळत नाय," त्या बिनधास्त सांगायच्या. "पण तीस वर्षं लोकांचं ऐकलंय, आणि मध्ये तोंड घालायची परवानगी नव्हती. ही सवय किती जणांना असते सांग."

कधीकधी त्या शब्दापुढे एक ओळ यायची, आणि त्या ओळीसाठी मी ग्रुप उघडायचो. 'ऐकलं. तबलेवाला मधेच हसला.' आम्ही परत लावून बघितलं तर खरंच, अर्ध्या वाटेवर तबलजी खुदकन हसलेला. 'ऐकलं. मागे एक जण खोकत होता, त्याला शेवटी बरं वाटलं.' एका थोर गायिकेच्या म्हातारपणीच्या ध्वनिमुद्रणावर बुवांनी अर्धं पान लिहिलं होतं. ताईंनी लिहिलं, 'ऐकलं. दमल्या बाई, पण टाकलं नाही.' बुवांचं अर्धं पान त्यानंतर कुणी वाचलं नसावं.

मी मात्र अट्टल ढकलू. कुठून तरी आलेली लिंक पुढे पाठवायची, वर दोन ओळी जाणकारीच्या टाकायच्या आणि ऑफिसला पळायचं. एका गुरुवारी ताईंचा फोन आला. "अकराव्या मिनिटाला तुटलं रे गाणं. तुझ्याकडे पुढचं आहे काय?"

"बघतो ताई. माझ्याकडे तर पूर्ण वाजलं."

ताई म्हणाल्या, "बरं." तीस वर्षं लोकांच्या थापा ऐकलेल्या बाईने म्हटलेलं ते 'बरं' होतं. मी दिवसभर ऑफिसात अस्वस्थ होतो, आणि तरी सुधारलो नाही.

सुधारलो ते कॅसेटच्या प्रकरणानंतर. माझ्या वडिलांनी आमच्या सोसायटीच्या गणपतीत झालेली एक मैफल मांडीवर टेपरेकॉर्डर ठेवून टेप केली होती. गाणाऱ्या बाई फारशा नावाजलेल्या नव्हत्या, पण वडील त्यांच्या तोडी रागाबद्दल मरेपर्यंत बोलत राहिले. ते गेल्यावर कॅसेट माझ्याकडे आली. मी ती घरच्या घरी फोनवर उतरवून घेतली आणि गुरुवारी सातला मोठ्या दिमाखात पाठवली. एक्केचाळीस मिनिटांची तोडी, वडिलांची आठवण, वगैरे वगैरे. नेहमीप्रमाणे स्वतः ऐकली नव्हती. साडेसातपर्यंत सतरा जणांचे 'वा' आले. एकाच्या डोळ्यांत पाणी आलं. बुवांनी लिहिलं, 'गंधार ऐका, गंधार. असा गंधार आता कुणी लावत नाही.'

सात बेचाळीसला ताईंचा निरोप आला. 'ऐकलं. आवाज नाही. म्हटलं आत्ता येईल, मग येईल. एक्केचाळीस मिनिटं वाट बघितली.'

मी घाबरून लावून बघितलं. वायर नीट बसलेलीच नव्हती, त्यामुळे सगळी कोरी शांतता उतरली होती. मग ग्रुपवर एकेक 'वा' खोडला जायला लागला. डोळ्यांतलं पाणी गेलं, गंधार गेला, आणि शेवटी खुद्द बुवा ग्रुप सोडून गेले. मी अडीच दिवस तोंड लपवून होतो. दोघातिघांनी तर ताईंवरच राग धरला. एवढं उघड लिहायची काय गरज होती, हळूच सांगता आलं असतं, असं त्यांचं म्हणणं.

शनिवारी ताईंनी बुवांना फोन केला. काय बोलल्या ते मला पुढे बुवांनीच सांगितलं. "बुवा, या चाळीस जणांत गंधार कुठला ते सांगणारे तुम्ही एकटे. तुम्ही गेलात तर आम्हाला शिकवणार कोण? फक्त आधी ऐका आणि मग शिकवा." रविवारी सातला बुवा परत आले आणि त्यांनी गाणं पाठवलं. त्याखाली तासभर कुणाचाच 'वा' आला नाही, कारण जो तो बिचारा ऐकत बसला होता.

हे चांगलं चाललं महिना-दोन महिने. मग आमच्या मंडळींनी नवीन युक्ती काढली. सकाळी सगळे गप्प राहायचे, ताईंचं 'ऐकलं' आलं की त्यामागून आपापले 'वा' लावायचे. ताईंनी ऐकलंय म्हणजे आवाज असणार, एवढी खात्री झाली की पुरे. मला हे दिसत होतं आणि हसूही येत होतं, कारण मी एव्हाना ऐकायला लागलो होतो. त्या सवयीतून सुटल्याचं समाधान काही वेगळंच असतं.

एक गोष्ट मात्र मला दिसूनही कळली नाही. ताईंच्या 'ऐकलं'पुढच्या ओळी कमी होत गेल्या. फोनवर त्या "जरा मोठ्याने बोल, हा फोन बिघडलाय" म्हणायच्या. मी नवीन फोन घेऊन द्यायची गोष्ट काढली, तर त्यांनी विषय बदलला.

मधल्या काळात जोगेश्वरीला एक दुरुस्तीवाला सापडला. त्याने ती कॅसेट साफ करून नीट उतरवून दिली. आवाज फार बारीक होता, आलाप तर अगदी खालून सुरू होत होता, पण होता. या वेळी मी पूर्ण ऐकली, दोनदा. मग गुरुवारी सातला पाठवली आणि वर लिहिलं, 'तीच टेप, आता दुरुस्त.'

सात बेचाळीसला ताईंचा निरोप आला. 'अजून आवाज नाही रे.'

आणि मागून रांग लागली. 'हो ना, नाहीच.' 'पुन्हा तेच, हाहा.' 'माझ्याकडेही शांतता.' बुवांनी लिहिलं, 'मी पहिल्या मिनिटातच ओळखलं.' अकरा जण. मला इतकं हसू फुटलं की मी उभ्या उभ्या लिहायला घेतलं, 'आवाज आहे, लबाडांनो, एकानेही ऐकलेलं नाही.' पाठवणार, तेवढ्यात बोट थांबलं. बाकीच्यांनी ऐकलं नव्हतं. ताईंनी मात्र एक्केचाळीस मिनिटं ऐकलं होतं.

आवाज आहे असं लिहावं, तर चाळीस जणांसमोर ताई खोट्या पडणार. न लिहावं, तर ज्या बाईमुळे मी ऐकायला शिकलो तिच्याच नावावर एक थाप चालवून घ्यायची. मी लिहिलेलं पुसलं, ऑफिसला अर्धी रजा कळवली आणि मुलुंडला गेलो.

ताईंनी दार उघडलं, आश्चर्य दाखवलं नाही, चहा टाकला. आम्ही खिडकीपाशी बसलो. मी फोन त्यांच्यापुढे स्टुलावर ठेवला, आवाज पूर्ण वाढवला आणि तोडी सुरू केली. बाईंनी खर्जातून सूर उचलला. ताई मान किंचित कलती करून बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "लाव ना."

मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना. त्यांच्या डाव्या कानाशी वाकून मी म्हटलं, "लावलंय, ताई."

त्यांनी फोनकडे बघितलं. पडद्यावर आकडे पुढे सरकत होते. त्यांनी हात पुढे करून पदराने फोनवरचा चहाचा थेंब पुसला आणि तेवढ्या वेळात स्वतःला सावरून घेतलं. "उजवा आधीच गेलेला," त्या म्हणाल्या. "तो कंपनीतल्या हेडफोनचा कान. डावा चालतोय म्हणून गप्प होते. मोठ्या आवाजाचं गाणं असलं की येतं ऐकू अजून." मग एकदम विचारलं, "ग्रुपवर लिहिलंस?"

"नाही."

"माझ्यामागून किती जणांनी लिहिलं, आवाज नाही म्हणून?"

"अकरा."

ताई हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या, आणि त्यातलं कुठलं पाणी कशाचं ते मी विचारलं नाही. "मेल्यांनो," त्या म्हणाल्या, "आधी न ऐकता हो म्हणायचात, आता न ऐकता नाय." मग चष्मा लावून त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, 'टेपला आवाज आहे. माझा कान गेला. तुम्हा अकरा जणांचे कुठे गेले?' माझ्यासमोर पाठवलं आणि चहात बुडवायला बिस्किटाचा पुडा फोडला.

पुढे त्यांच्या कानाला यंत्र बसलं. बोलणं चांगलं कळायला लागलं, पण गाणं नाही. "तंबोरा म्हणजे पत्र्याच्या डब्यात भुंगा कोंडलाय," असं त्यांनी मला सांगितलं. चार सोमवार त्यांनी आठवणीतली गाणी पाठवली आणि पाचव्या सोमवारी कळवलं की आता ग्रुपवरून निघते. सगळ्यांनी विनवण्या केल्या. बुवा तर अंधेरीहून मुलुंडला त्यांच्या घरी गेले, मी बरोबर होतो. "ताई, तुम्ही नुसतं 'ऐकलं' लिहा हो," बुवा म्हणाले. "कोण तपासायला येतंय? आम्हाला सकाळी ते दिसलं म्हणजे बरं वाटतं."

"बुवा," ताई म्हणाल्या, "तीस वर्षांत लाइन लागल्याशिवाय कधी कुणाला लागली म्हणून सांगितलं नाय. आता म्हातारपणी सांगू काय?"

निघताना ताईंनी मला दारात थांबवलं. "तू लिही आता. पण पूर्ण ऐकून. आणि काय ऐकलंस ते मला कळव."

तेव्हापासून रोज सकाळी ग्रुपवर तो शब्द मी लिहितो, गाणं संपल्यावर. बायकोला वाटलं होतं आठ दिवसांत उत्साह मावळेल. मावळला नाही. गुरुवारी मी ताईंना वेगळं लिहून पाठवतो. सुरुवातीला राग, ताल, कुठली श्रुती, असं सगळं लिहायचो. त्यांचं उत्तर यायचं, 'हे बुवांचं झालं. तू काय ऐकलंस?' मग हळूहळू जमायला लागलं. गायक पाणी प्यायला थांबला तेव्हा सारंगीवाल्याने जागा कशी सांभाळली, एवढंच एकदा लिहिलं, तर त्यांनी विचारलं, 'आणि पाणी पिऊन झाल्यावर?' अर्धवट ऐकून त्यांना लिहायची सोयच नाही.

एक गोष्ट मी बरेच दिवस लिहिली नव्हती. मागच्या गुरुवारी सकाळी सातला लिहिली. ती त्या टेपची होती. पहिली काही मिनिटं बाईंचा आवाज जमिनीवरून चालतो, घाई नाही. विसाव्या मिनिटाला मागे कुणाची तरी कपबशी वाजते. आणि एकतिसाव्या मिनिटाला, बाई वरच्या षड्जावर पोचून थांबतात तेव्हा, टेपरेकॉर्डरच्या अगदी जवळून एक पुरुषाचा आवाज येतो. 'अहाहा' म्हणतो, स्वतःशीच, आणि घसा खाकरतो. ते माझे वडील. कॅसेट इतकी वर्षं घरात होती आणि ते तिच्यात आहेत हे मला ठाऊक नव्हतं, कारण मी कधी एकतिसाव्या मिनिटापर्यंत गेलोच नव्हतो. ताई, तुम्ही त्या दिवशी कोऱ्या टेपसमोर एक्केचाळीस मिनिटं बसला नसतात, तर मी अजूनही गेलो नसतो.

एवढंच पाठवलं, गाणं जोडलं नाही. वाचायला दोन मिनिटं पुरली असती. मी डबा भरला, बूट घातले, उत्तर नाही. जिना उतरत होतो तेव्हा फोन वाजला. सात बेचाळीस झाले होते.

'ऐकलं.'