तामातोआच्या हातचा मासा

मुलांच्या शाळेसाठी बायको पापेते शहरात गेली ती तिकडचीच झाली. तेव्हापासून तामातोआ बेटावर एकटा राहायचा. मासे मारायचा, खाऊन उरले की शेजारी वाटायचा.

बोटींच्या नव्या धक्क्यासाठी प्रवाळ फोडलं होतं, त्यावर विषारी शेवाळ धरलं होतं. तिथला मासा बाधतो म्हणून कुणी खात नसे. पण त्या दिवशी वारा होता, बाहेरच्या समुद्रात जायचा त्याला कंटाळा आला, आणि धक्क्यालाच थोराड गोब्रा गळाला लागला. डोकं, काळीज, सगळं त्यानं एकट्यानं चाटूनपुसून खाल्लं.

संध्याकाळी ओठ बधिर झाले. मग उलट्या, जुलाब. तोंड धुवायला गार पाणी घेतलं तर तेच उकळतं असल्यासारखा हाताला चटका बसला. कसाबसा शेजारच्या तेउरामावशीच्या दारात जाऊन पडला.

दवाखान्यात नर्स वाइमितीनं नाडी धरली. ठोके फार सावकाश पडत होते. पापेतेच्या डॉक्टरांना फोनवर विचारून तिनं इंजेक्शन दिलं, सलाइन लावलं.

"याला उतारा नाही, मामा. विष आपलं आपण उतरतं. तोवर तुम्हाला सांभाळायचं, एवढंच. मामीला कळवू?"

"नको. उगाच धावपळ." मग जरा वेळानं तो म्हणाला, "कळवलंस तरी चालेल."

बायकोनं फोनवर चौकशी केली. आली नाही.

तो वाचला, पण अंगाची खाज महिनोन्महिने गेली नाही. दारू बंद, मासाही बंद. रविवारी सगळ्यांच्या पंगतीत तो डब्यातलं गोमांस आणि भात खात बसे. अंगात बळ आल्यावर खोल समुद्रातला, न बाधणारा कुपा मासा आणून दारोदार फिरायचा. "कालचाच आहे हो घरात," म्हणत लोक हसून दार लोटायचे. मासा तो परत समुद्रात टाकायचा.

एकदा तेउरामावशीनं हाक मारली. "आण तो इकडे."

तिनं तुकडा कापून मांजरापुढे टाकला.

"माझ्यावर भरवसा नाही?" तामातोआ म्हणाला.

"तुझ्यावर आहे. माशावर नाही. मांजर धड राहिलं तर शिजवीन. तोवर बस इथं."

तो पायरीवर बसला. मांजरानं खाल्लं, मिशा चाटल्या, उन्हात आडवं झालं.

"झोपलंय की गेलंय?"

"पोट हलतंय. गप बस."

दुपार कलली. पापेतेचं विमान वरून गेलं, त्यानं मान वर करून पाहिलं. मावशी आत जाऊन विस्तव पेटवू लागली.