खोडलेला सत्तावीस

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही— बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला सांगतो.

गणित मला येतं, त्यात शंकाच नको. घाटनांदुरात तीस वर्षं शिकवलं. सरांचं चुकलं असं म्हणायची कुणाची टाप नव्हती— आणि गोम तिथंच आहे.

सातवीत सुमन होती. आईबाप ऊसतोडीला जायचे. एकदा वहीत सहा संख्या घेऊन आली— ४, २२, २७, ५८, ८५, ९४. म्हणाली, बावीसचे अंक मिळवले की चार. त्याचे मूळ अवयव दोन आणि अकरा, त्यांचेही अंक मिळवले की चारच! मूळ संख्या सोडल्या, तर शंभराच्या आत अशा एवढ्याच. कुणी शिकवलं नव्हतं हो तिला. मी सत्तावीस बघितला. अंकांची बेरीज नऊ, मूळ अवयव तीन— कुठं जुळतंय? मारली लाल रेघ. चारावरही मारली.

"सर, तीन तीनदा येतो की," ती भर वर्गात बोलली. पोरं हसली— मला. मी तिला बाकावर उभं केलं.

मधल्या सुट्टीत कागदावर मांडलं. तीन गुणिले तीन गुणिले तीन. तीन न् तीन न् तीन— नऊ. चारचंही तसंच— दोन न् दोन चार. पोरगी लई हुशार निघाली! मग वर्गात जाऊन सांगायला काय झालं होतं मला?

शाळा सुटताना तिचा बाप आला. दोन दिवसांनी मुकादमाचा ट्रक निघणार होता. "सर, पोरीला डोकं असंल तर चुलतीपाशी ठिवतो, शिकू दे. नसंल तर नेतो संगं, धाकट्याला सांभाळंल. तुमी म्हणाल तसं."

"जेमतेमच हाय," मी म्हणालो.

नीट ऐका— माहीत असून म्हणालो. गफलत वगैरे काही नाही, हसं झाल्याचा राग होता. पोरगी ट्रकात बसून गेली, ती पुन्हा शाळेत आलीच नाही. आणि मी? पुढं दरवर्षी सत्तावीस फळ्यावर मांडला, तीन तीनदा मोजून— ऐटीत! पोरं टाळ्या वाजवायची.

परवा स्टँडवर सुमन भेटली. भर गर्दीत वाकून पाया पडली. "लेक सातवीत हाय, सर. गणिताचं लई याड हाय तिला. मला न्हाई जमलं— तुमी तवाच वळखलं हुतं. तिला डोकं हाय का, तेवढं बघा."

सत्तावीस बरोबर होता, एवढं म्हणायला किती वेळ लागतो? समोर उभी होती ती.

"बघतो," म्हणालो. एवढंच बोललो.