घोड्याला लागलेला हात

बुद्धिबळाचा प्लास्टिकचा पट उलगडला, की त्या रबरी वासासरशी मी लहानपणीच्या आमच्या चोआ चू कांग वस्तीतल्या कम्युनिटी सेंटरमध्ये पोचते. युक्रेनचा पोरसवदा ग्रँडमास्टर आम्हा शाळकरी मुलांशी एकाच वेळी खेळत होता. माझ्या पटावर त्याचा हात चुकून घोड्याला लागला. हात लावलेली सोंगटी खेळायचीच, हा नियम. आणि घोडा हलला की त्याचा वजीर माझा.

“नेव्हर माइंड लाह, यू आर गेस्ट,” आयोजक अंकल आमच्या तिथल्या इंग्रजीत म्हणत हसले. मी संतापले. आम्हा मुलांना कधी मिळाली होती ही सवलत?

“टच, मूव्ह,” म्हणत त्याने घोडा उचलला. वजीर गेला, तरी शेवटी मला हरवलंच.

पुढे तो बड्या खेळाडूंना हरवत गेला, तेव्हा मला नवल वाटलं नाही. तसले अंकल मात्र आजही सभांमधून भेटतात. त्यांना मी तेच दोन शब्द ऐकवते.