पेशंटची खुर्ची

"आधी पेशंटची खुर्ची पुढं," असं म्हणत काका खुर्ची उचलायचे. ती डॉक्टरांच्या टेबलाला टेकली की मगच त्यांचा चेहरा मोकळा व्हायचा. मानसोपचाराच्या दवाखान्यात कधी गेला असाल तर तुम्हीही पाहिलं असेल. डॉक्टरांसमोर नातेवाईक बसतात आणि पेशंट भिंतीजवळच्या स्टुलावर. काकांना ते खपत नसे.

ते स्वतः तिथले जुने पेशंट. नाशिकजवळ त्यांचा भाजीचा मळा होता. सकाळचा बाजार उरकला की नव्या लोकांना धीर द्यायला दवाखान्यात यायचे. आजार लपवायचे नाहीत.

"आवाज ऐकू यायचे मला. आजबी कधी येतात. म्हणतो, बोला तुम्ही, मला मेथीच्या जुड्या बांधायच्यात."

हे सांगून आधी स्वतःच हसायचे.

माझी धाकटी बहीण सुनीता आजारी पडली आणि तिची सातपूरच्या कंपनीतली नोकरी सुटली. औषधं सुरू होऊन बरेच महिने झाले, तरी ती पुन्हा काम करेल असं घरात कुणाला वाटत नव्हतं. एकदा दवाखान्यात गेलो, तेव्हाही सुनीता भिंतीजवळच्या स्टुलावर आणि आईच डॉक्टरांशी बोलत होती. झोपते किती, जेवते काय. तेवढ्यात काका चहा घेऊन आले.

"ताई, साखर किती?"

"कमीच घेते ती," आई म्हणाली.

"माय, तुमाला नाय इचारलं."

चहा निवत चालला, तरी काका कप धरून उभेच.

"दोन चमचे," शेवटी सुनीता म्हणाली.

काकांनी तिच्यासाठी खुर्ची पुढं ओढली. "आता डॉक्टरांना सांग, तुला काय पायजे."

"कामावर जायचंय. पण सकाळच्या गोळीनं दुपारपर्यंत डोळे उघडत नाहीत."

"हे आधी का नाही सांगितलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"इचारलं कुणी?" काका म्हणाले.

डॉक्टर हसले. मग तिच्याशीच बोलून त्यांनी गोळीची वेळ बदलली. पुढे, जरा अडखळतच, सुनीता सातपूरला परत कामाला लागली. पहिल्या दिवशी तिच्या डब्यात काकांच्या मळ्यातली मेथी होती.

या थंडीत काका झोपेतच गेले. दवाखान्यात शोकसभा झाली. हार घातलेला त्यांचा फोटो भिंतीजवळच्या स्टुलावर, आणि पुढे खुर्च्यांवर आम्ही. डॉक्टर बोलायला उभे राहिले, तशी सुनीता उठली.

"एक मिनिट, सर."

तिने आपली खुर्ची टेबलाला टेकवली, फोटो उचलून तिच्यावर ठेवला आणि स्वतः स्टुलावर जाऊन बसली.

"चहा सांगू का? साखर किती?" मागून कुणीतरी विचारलं.

"मला नका विचारू," आई म्हणाली, आणि डोळे पुसता पुसता सगळे हसले.