माळ चालून आलेले आबा

आबा पाऊल टाकण्याआधी वाटेला विचारत. काठीचं टोक पुढं जाई, एकदा डावीकडे ठोकी, एकदा उजवीकडे, मग वहाण उचले. आमच्या मलकापुरातल्या गल्लीच्या तोंडाशी चहाची टपरी होती. आम्ही तिथं बोलता बोलता पोचायचो. आबांचा अर्धा तास जाई. कपाळावर घाम असे, उन्हाळा असो की हिवाळा.

हा माणूस जन्मभर म्हसवडच्या माळांवर मेंढरांमागे चाललेला. म्हातारपणी कळप विकून मुलाकडे आला, तोवर काचबिंदूनं दोन्ही बाजूंची नजर खाल्लेली. समोरचं तेवढं दिसे. सून डोळ्यांत थेंब घालायची तेव्हा म्हणत, "गेलेली न्हाई यायची. हाय ती ऱ्हाऊ दे म्हंजे झालं."

"माळावर कधी पडला नाहीत, मग इथं एवढं भिता?" मी एकदा विचारलं.

"माळाचा दगड जागा सोडत न्हाई रं. हितं काल नव्हता त्यो खड्डा आज हाय. फटफटी सकाळी ह्या दारात, सांजच्याला त्या दारात. मी वळखू तरी कसं?"

मी समजल्यासारखी मान हलवली. त्यांनी ओळखलं. "दोनी मुठी डोळ्याला लाव, दुर्बीण करत्यात तशी. आता चाल टपरीपातुर." मी चाललो. सातव्या-आठव्या पावलाला मोटारसायकलचं हँडल बरगडीत बसलं, आणि सावरायला टाकलेला पाय उघड्या गटाराच्या काठावर. मी मुठी सोडून भिंत धरली. मागून आबा हसले, "घाबरलास व्हय, पत्रकवाल्या? मी रोज जेवतो ही भीती."

पत्रकवाल्या हे नाव मला शोभत होतं. अन्याय दिसला की पत्रक काढायचं, हे मी घरातच शिकलो होतो. त्या रात्री मी नगरपालिकेला अर्ज लिहिला. रस्ता फक्त डोळसांच्या बापाचा आहे काय, असं त्यात ठणकावून विचारलं. गल्लीभर सह्या घेतल्या, आबांचा अंगठाही. चार-पाच खेटे घातले, भांडलो. अखेर माणसं आली आणि एका दुपारी गटारावर सिमेंटच्या फरश्या टाकून गेली. मी टपरीवर सगळ्यांना चहा पाजला.

फरश्या रस्त्यापेक्षा चार बोटं उंच बसल्या होत्या. करड्या रस्त्यावर करडी फरशी. आणि आबा आत झोपलेले. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. संध्याकाळी ते नेहमीसारखे निघाले. गटाराची कड काठीला जिथं लागायची तिथं लागली नाही, ते गोंधळले, घाईनं पाय टाकला आणि बोटं फरशीला अडकून आडवे झाले. आम्ही धावलो. हाड मोडलं नव्हतं, कोपर सोलवटलं होतं. पण उठवताना त्यांनी माझं मनगट धरलं, ती पकड मला आजही आवळते.

दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला गेलो. आबा खाटेवर, भिंतीला पाठ लावून.

"अर्जात माझं नाव घातलंस. लय झ्याक केलंस. पर कुठं काय घालायचं त्ये मला इचारलंस का?"

"चुकलं, आबा."

"माझ्या पायानं त्यो रस्ता पाठ केल्ता. तुमी त्यो पुसला."

ते पुन्हा बाहेर पडले नाहीत. मी गल्लीच्या कडेनं चुन्याच्या फक्कीची पांढरी रेघ मारली, दारोदार जाऊन गाड्या एका बाजूला घ्यायला लावल्या. आबा उंबऱ्यापर्यंत येत, रेघेकडे बघत, एक पाय बाहेर काढत आणि मागे घेत. मुलगा हात धरायला पुढे झाला की काठी आपटत, "सोड. धरून न्हेलं की चालणं ऱ्हातंय का?" पाय शाबूत होते. भीतीनं माणूस घरात कोंडला होता, आणि ती आम्ही सगळ्यांनी मिळून घातलेली भीती होती. हे मी कुठल्याच पत्रकात लिहू शकलो नाही.

महिनाभरानं त्यांनीच सांगितलं, "मला लेकीकडं म्हसवडला धाडा." गल्लीत गाडी वळत नव्हती, म्हणून ती टपरीपाशी उभी केली. मुलगा म्हणाला, "आबा, मी उचलून नेतो. पडलात आणि खुबा मोडला तर?"

"मी हितनं चालत जाणार. न्हाईतर जात न्हाई."

गल्ली दारादारांत उभी राहिली. आबा उंबरा उतरले. ठक, ठक, पाऊल. फरशीच्या कडेशी काठी अडली. त्यांनी उंची दोनदा मापली, श्वास घेतला आणि पाय वर ठेवला. काठी टेकली. दुसरा पाय आला. मी हात पसरून त्यांच्या पुढं उलटा चालत होतो, कधीही झेलायला तयार. मध्येच ते थांबले, नजर खाली पावलांवरच. काठीचं टोक माझ्या चपलेला लागलं होतं.

"कोण हाय?"

"मी, आबा."

"मग बाजूला हो की गड्या. वाटंत उभा हायस."

मी बाजूला झालो. आबा गाडीपर्यंत गेले.